जिभेखालची गोळी

(डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मरणार्थ सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डॉ. कोटणीसांच्या नावाने बोलायचे तर सुरुवात चीनपासूनच करावी लागते. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक बोटीने चीनला गेले, त्यात आपल्या सोलापूरचा हा तरुण होता. पुढची चार वर्षे, ते जखमी सैनिक, ते बेथ्यून रुग्णालय आणि ९ डिसेंबर १९४२ चा मृत्यू, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्यात मी भर घालणार नाही. मला आठवण करून द्यायची आहे ती कोटणीसांच्या शंभर वर्षे आधी मुंबईहून चीनला निघणाऱ्या जहाजांची. त्या जहाजांत माळव्याची अफू असे. इंदूर-उज्जैनकडे पिकलेली अफू मुंबई बंदरात यायची, कंपनी सरकार तिच्यावर पासाचे पैसे वसूल करायचे आणि ती कँटनकडे रवाना व्हायची. या व्यापारावर मुंबईत घराणी उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापूस आणि अफू यांतून आली आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय सुरू झाले. मराठी डॉक्टरांच्या किती पिढ्या तिथे शिकल्या! हे मी कुणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. अफू आणि दवाखाना यांची आपल्याकडची ओळख फार जुनी आहे, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे.

आजचा विषय त्या ओळखीचाच आहे. अफू आणि तिची सारी भावंडे, म्हणजे गर्द, मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, यांच्या व्यसनावर औषध देऊन उपचार करता येतो. तो बरीच वर्षे चालतो, त्याने माणसे जगतात. आणि तरीही मराठी घरांत त्याचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्यांबद्दल मला बोलायचे आहे.

विषय कळल्यावर एका मित्राने विचारलेच, 'सोलापुरात अफूवर काय बोलणार? इथे शिंदी आहे, हातभट्टी आहे, आता एमडी आली आहे.' खरे आहे. चिंचोळी एमआयडीसीत २०१६ साली ठाणे पोलिसांनी साडेअठरा टन एफेड्रिन पकडले. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच भागात एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवण्याचा उद्योग उघडकीस आला आणि आठवडाभर पेपरचे पहिले पान आपल्याच गावाने भरले. मुळेगाव तांड्यावरच्या भट्ट्या तर सर्वांना माहीत. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते ग्रामीण पोलीस अधीक्षक असताना 'ऑपरेशन परिवर्तन' निघाले, भट्टी लावणाऱ्या कुटुंबांना दुसरा कामधंदा लावून देण्याचा प्रयत्न झाला. माल पकडण्याच्या बातम्यांपेक्षा मला ती बातमी अधिक कामाची वाटली.

पण डॉक्टर म्हणून एक फरक सांगायलाच हवा. एमडीच्या रुग्णाला मी झोपेसाठी, भासांसाठी औषध देऊ शकतो. एमडीच्या व्यसनाला रोखून धरणारे औषध मात्र आज जगात कुणाकडेच नाही. दारूची ओढ कमी करणारी औषधे आहेत, त्यांचा गुण बेताचा. अफूच्या घराण्यातल्या व्यसनावर मात्र अशी औषधे आहेत की ती घेणारा माणूस न घेणाऱ्यापेक्षा जास्त जगतो, हे देशोदेशी पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. सगळ्यांत खात्रीचा उपाय जिथे आहे, तिथेही तो फार थोड्या लोकांपर्यंत पोचतो. याचा मला राग आहे, आणि तो या व्याख्यानात अधूनमधून डोकावेल. सांभाळून घ्या.

शिवाय सोलापुरात हे रुग्ण नाहीत, असे समजू नका. माझ्यासमोर येऊन बसणारा इथला माणूस सहसा गर्दवाला नसतो. कंबर धरली म्हणून कुणीतरी दिलेली ट्रॅमाडॉलची पट्टी, दिवसाला दोनवरून वीस गोळ्यांवर गेलेला चाळिशीचा कामगार. हैदराबाद रस्त्यावर गाडी चालवणारा, 'अंग मोडून येतं हो डॉक्टर, घेतल्याशिवाय स्टिअरिंग धरवत नाही' म्हणणारा ड्रायव्हर. खोकला नसताना खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिचवणारा कॉलेजचा मुलगा. यातल्या एकालाही आपण अफूच्या जातीचे काही घेतो आहोत हे माहीत नसते. त्याला वाटते, आपण मेडिकलमधले औषध घेतो. २०१९ साली केंद्र सरकार आणि दिल्लीच्या एम्सने देशभरची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे २ टक्के भारतीय ओपिऑइड, म्हणजे या घराण्यातले काही ना काही, घेताना आढळले. ७७ लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज होती. देशातले असे निम्म्याहून अधिक लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत पंजाब आहे तसा महाराष्ट्रही आहे.

आपण कामगारांच्या गावात बसलो आहोत, म्हणून थोडे मागे जाऊ. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची पाहणी करायला सरकारने बार्न्स नावाच्या एका डॉक्टर बाईंना नेमले होते. त्यांनी १९२२ मध्ये नोंदवले की, या बायकांच्या १०० पैकी ९८ मुलांना अफू दिली जाते. बाळगोळी. आई पहाटे गिरणीत जाणार, मूल सांभाळायला म्हातारी सासू किंवा शेजारीण, चाळीतली एकच खोली, रडणारे पोर. बाळगोळी दिली की ते संध्याकाळपर्यंत निपचित पडायचे. आईच्या हातून ते विष जात नव्हते, पाळीच्या भोंग्याच्या हातून जात होते. आपल्या सोलापुरातही तोवर जुन्या मिलला अर्धशतक होत आले होते. इथल्या रिळ खात्यात बायका होत्या, आणि घरी तशीच पोरे होती. इथे काही निराळे घडत असेल असे मानायला मला कारण दिसत नाही. आपल्या पणज्यांपैकी कितीजणींनी ती गोळी बोटाच्या टोकावर घेऊन बाळाच्या टाळूला लावली असेल, याचा हिशोब कोण देणार? तरी त्यांना कुणी व्यसनी म्हटले नाही, आणि बरोबरच केले. पुढे पाळणाघराच्या मागण्या झाल्या, कायदे झाले, गोळी मागे पडली. कामाची जागा बदलली तेव्हा सवय बदलली, हे मात्र मनात ठेवा.

दुसरी गोष्ट सरकारी आहे आणि ती आज कुणाला फारशी आठवत नाही. १९४९ साली अखिल भारतीय अफू परिषद भरली. औषधाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत बंद करायचा, असे तिने ठरवले. मग जुन्या अफूबाजांचे काय? त्यांची नोंदणी झाली, परवाने दिले गेले, ठराविक अफू सरकारी मालातूनच मिळू लागली. खुर्चीवर बसलेल्या कारकुनाला हे समजत होते की, चाळीस वर्षे अफू खाणाऱ्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची अफू एका सकाळी तोडली तर तो मरेल. मोजून, नोंदवून, देखरेखीखाली द्यायचे आणि बाजारापासून त्याला सोडवायचे. आज ज्याला आम्ही डॉक्टर लोक उपचार म्हणतो, त्याचे ओबडधोबड रूप त्या परवान्यात होते. तेव्हा कुणी 'सरकार लोकांना व्यसन लावते' अशी बोंब मारली नाही. की मारली, आणि ती दफ्तरात राहून गेली?

मग ऐंशीचे दशक आले. मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, उतरली. मराठीत तिला नाव पडले गर्द, आणि ती ओढणारा झाला गर्दुल्ला. पन्नीवर टाकायची, खालून काडी लावायची, नळीने धूर ओढायचा. बँकेतला कारकून, मिठाईवाल्याचा मुलगा, कॉलेजातली चांगल्या घरची पोरे, कुणी सुटले नाही. डॉ. अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये बसून लिहिले, आणि त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात या रुग्णांवर उपचार करत होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. मुक्तांगणने महाराष्ट्रावर केलेला सर्वांत मोठा उपकार माझ्या मते हा की, व्यसनी माणूस वाईट नसतो, आजारी असतो, हे वाक्य मराठी घराघरांत पोचले. आज खेड्यातली आईसुद्धा म्हणते, 'डॉक्टर, हा आजारच आहे ना?'

म्हणते. आणि पुढच्याच दमात विचारते, 'पण गोळ्यांची सवय लावू नका हं.' आजार म्हटला तर औषध आले, हे आमच्या गळी अजून उतरलेले नाही. चाळीस वर्षांत अर्धेच वाक्य उतरले.

गर्द किंवा ट्रॅमाडॉल अचानक बंद केले की जे होते, त्याला ही मंडळी टर्की म्हणतात. आधी जांभया. नाक आणि डोळे वाहू लागतात. अंगावर काटा येतो. मग पाय दुखतात, हाडे दुखतात, पोटात पीळ पडतो, जुलाब लागतात, आणि तीन-चार रात्री डोळा लागत नाही. बहुतेक जण यातून आठ-दहा दिवसांत बाहेर येतात. घरच्यांना वाटते, जिंकलो. चेहरा उजळलेला असतो, भूक लागलेली असते, मुलगा आईच्या पाया पडतो. इथेच धोका सुरू होतो. कारण त्या आठ-दहा दिवसांत शरीराची सहनशक्ती खाली आलेली असते, पण ओढ गेलेली नसते. ती कित्येक महिने, कित्येकांची कित्येक वर्षे जात नाही. मेंदूची घडी तशी बसलेली असते. महिनाभराने एखादी जुनी वाट, एखादा जुना दोस्त, खिशात पगार. आणि मुलगा जुन्याच हिशोबाने डोस घेतो. पूर्वी पचत होता तेवढा. आता तो पचत नाही. श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात, आणि सकाळी दार फोडावे लागते. तुरुंगातून सुटल्यावर, केंद्रातून घरी आल्यावर, पहिले काही आठवडे सर्वांत जीवघेणे असतात. नुसते विष उतरवून घरी पाठवणे हा अर्धा उपचारदेखील नव्हे, काही वेळा तो धोका वाढवणारा असतो. हे माझे नुसते मत नाही.

स्वीडनमधला एक अभ्यास सांगतो. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. हेरॉइनचे ४० रुग्ण घेतले. त्यातल्या २० जणांना रोज ब्युप्रेनॉर्फिन नावाचे औषध वर्षभर दिले. उरलेल्या २० जणांना सहा दिवस उतरत्या मात्रेत ते देऊन पुढे दिसायला तशीच, पण कोरी गोळी दिली. समुपदेशन, गट, भेटीगाठी, लघवीच्या तपासण्या, हे सगळे दोन्हीकडे अगदी सारखे, आणि चांगल्या प्रतीचे. वर्ष संपले तेव्हा औषधवाल्या २० पैकी १५ जण उपचारात टिकून होते. कोऱ्या गोळीवाल्यांपैकी एकही नाही. आणि त्यांच्यापैकी चार जण मेले होते. विसांत चार. समुपदेशन खोटे नव्हते, गट खोटा नव्हता, मायाही खोटी नव्हती. औषध नव्हते. आपल्या व्यसनमुक्तीच्या सगळ्या चर्चांत हा एक अभ्यास कुणी मोठ्याने वाचून दाखवावा, असे मला फार वाटते. म्हणून आज वाचला.

आता हे औषध करते काय? एसटीत चढताना आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसे समजा. अफूच्या घराण्यातल्या द्रव्यांना मेंदूच्या पेशींवर बसायच्या ठराविक जागा असतात. ब्युप्रेनॉर्फिन त्या जागांवर रुमाल टाकते, आणि तो असा घट्ट की नंतर आलेल्या गर्दला उभेच राहावे लागते. जागा भरलेली असल्याने टर्की होत नाही. पण रुमाल म्हणजे पूर्ण प्रवासी नव्हे. ब्युप्रेनॉर्फिन त्या जागेला अर्धवटच चेतवते, म्हणून किक बसत नाही, आणि मात्रा वाढवली तरी एका मर्यादेपुढे श्वास दबत नाही. एक सावधगिरी मात्र इथेच येते. गाडीत आधीच गर्द बसलेला असताना हा रुमाल टाकला, तर तो बसलेल्याला उठवून जागा घेतो, आणि रुग्णाला एकदम जोराची टर्की लागते. म्हणून पहिला डोस जांभया आणि नाक गळणे सुरू झाल्यावरच द्यायचा. 'थोडा त्रास होऊ दे, मग ये' असे डॉक्टरने सांगितले, तर तो निर्दय आहे असे समजू नका.

दुसरे औषध मेथाडोन. ते पूर्ण ताकदीचे असते, पण संथ आणि लांब चालणारे. १९६० च्या दशकाच्या मध्याला न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी नायस्वँडर या दोन डॉक्टरांनी हेरॉइनवाल्यांना ते रोज देऊन पाहिले. रस्त्यावर पडणारी माणसे कामावर जाऊ लागली. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिन आधी आले, एचआयव्हीच्या कार्यक्रमातून पसरले, कारण सुई टोचून घेणाऱ्यांत संसर्ग वेगाने पसरत होता. मेथाडोन २०१२ च्या सुमारास मोजक्या ठिकाणी सुरू झाले. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली. मेथाडोनवर असताना हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू. तेच लोक उपचाराबाहेर असताना ३६. ब्युप्रेनॉर्फिनचेही तसेच, ४ आणि ९ च्या आसपास. यापेक्षा सरळ आकडे वैद्यकात फार कमी मिळतात.

मुंबईतल्या एका केंद्रात हे रोज कसे चालते ते बघा. सकाळी नऊला खिडकी उघडते. बाहेर रांग: हमाल, भंगारवाले, एक रिक्षावाला गणवेशात, त्याच्या रिक्षाचे इंजिन चालूच. सिस्टर रजिस्टरमध्ये नाव शोधते, त्या माणसाच्या मात्रेच्या गोळ्या काढते आणि कुटून भुकटी करते. कागदाच्या पन्हळीतून ती भुकटी जिभेखाली. मग समोरच्या बाकावर बसायचे. बोलायचे नाही, थुंकी गिळायची नाही, चहा नाही, तंबाखू नाही. हे औषध पोटात गेले तर यकृत ते जवळजवळ संपवून टाकते; जिभेखालच्या नाजूक त्वचेतूनच ते रक्तात उतरायला हवे. आणि कुटतात कशाला? अख्खी गोळी गालात दाबून बाहेर नेता येते, विकता येते, पाण्यात विरघळवून टोचता येते. पाच-सात मिनिटांनी खिडकीशी परत, जीभ वर करून दाखवायची, सही करायची. सगळे मिळून दहा मिनिटे. त्यानंतर हमाल हमालीला, रिक्षावाला स्टँडवर. अख्खा दिवस पुडी शोधण्यात जात होता, तो दिवस त्यांना परत मिळालेला असतो. एकदा मी त्या रिक्षावाल्याला विचारले, काय बदलले? तो म्हणाला, 'आता सकाळी उठल्यावर पहिला विचार डिझेलचा येतो.' मुंबईत रिक्षा डिझेलवर चालत नाही, हे मला नंतर सुचले. पण त्याचे म्हणणे कळले.

आता आक्षेप. 'हे म्हणजे एक सोडून दुसरे व्यसन.' दर आठवड्याला कुणीतरी मला हे ऐकवते, बहुधा मोठ्या विश्वासाने. व्यसन कशाला म्हणायचे? परिणाम दिसत असतानाही थांबता येत नाही, मात्रा वाढत जाते, घर, नोकरी, माणसे मागे पडतात. ब्युप्रेनॉर्फिनवरचा माणूस तीच मात्रा महिनोन्महिने घेतो, कामावर जातो, मुलांची फी भरतो. त्याच्या शरीराला ते औषध लागते, हे मान्य. अचानक बंद केले तर त्रास होईल, हेही मान्य. शरीराला औषध लागणे आणि जगणे औषधाच्या मागे फरफटणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे घरच्या माणसाला त्याचा रोजचा दिवस पाहून सहज कळते. डॉक्टरी व्याख्येची गरज लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. हेच ब्युप्रेनॉर्फिन इंजेक्शनच्या रूपात आपल्या देशात टोचून घेण्याचे व्यसन झालेले आहे. नव्वदच्या दशकात दिल्ली, चेन्नई, चंदीगड अशा शहरांत त्याच्या अँप्युलचा गैरवापर मोठा होता. म्हणून तर देखरेख, म्हणून कुटलेली गोळी, म्हणूनच त्यात नालोक्सोन मिसळलेली गोळी निघाली. ती जिभेखाली घेतली तर नालोक्सोन काही करत नाही. टोचली तर टर्की आणते. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतले तर हे औषधही जिवावर बेतू शकते. घरी नेलेली गोळी लहान मुलाच्या हाती लागली तर अनर्थ होईल. ती कुलपातच हवी. औषध आहे, प्रसाद नव्हे. पण गैरवापराच्या भीतीने सगळ्यांचेच बंद करायचे, तर किंमत कोण मोजतो? फ्रान्सने १९९५ नंतर साध्या फॅमिली डॉक्टरांना ते लिहून देण्याची मुभा दिली. काही गोळ्या बाजारात गेल्या, हे खरे. पण चारेक वर्षांत अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले. पंजाबने २०१७ पासून शेकडो सरकारी केंद्रांत ते रोज द्यायला सुरुवात केली. आणि चीन, ज्याच्याकडे आपण अफूची जहाजे पाठवली, त्याने २००४ मध्ये मेथाडोनचे आठ दवाखाने काढले, आणि काही वर्षांत ते सातशेच्या वर नेले. कोटणीसांच्या स्मृतीत हे सांगायला मला विशेष समाधान वाटते. ज्या देशात ते उपचार करायला गेले होते, त्याच्याकडून थोडे आपणही शिकून घ्यावे.

आपल्याकडची तऱ्हा बघा. ट्रॅमाडॉल २०१८ च्या एप्रिलमध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. तोवर ते किती सहज मिळत होते, हे इथे बसलेल्या केमिस्ट मित्रांना मी सांगायची गरज नाही. रोग लावणारी गोळी कोपऱ्यावर, आणि तो आवरणारे ब्युप्रेनॉर्फिन मेडिकलमध्ये नाही, ते मान्यताप्राप्त केंद्रातच. त्याला कारणे आहेत. पण मग केंद्रे हवीत ना? ती नसतील तिथे लोक कुठे जातात? रस्त्याकडेच्या पाटीवर 'नशामुक्ती' लिहिलेल्या बंद खोल्यांत. मुलाला रात्री गाडीत घालून नेतात, महिना-दोन महिने डांबतात, काही ठिकाणी मारतात, साखळी लावतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी लावायला सरळ मनाई केलेली आहे, आणि व्यसनाचे विकारही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. अशा खोलीतून सुटलेला मुलगा सहनशक्ती गमावून, अपमान घेऊन, औषधाशिवाय बाहेर येतो. मघाचे पहिले आठवडे आठवा.

माळेबद्दल बोलल्याशिवाय सोलापूर जिल्ह्यात हे व्याख्यान पुरे होणार नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. माळ घातली आणि दारू सुटली, अशी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडतो. वारीत चालणे, भजनाची संगत, गावाने ठेवलेला मान, यांनी जे होते ते कुठल्या गोळीने होत नाही. मला फक्त इतकेच सांगायचे आहे की गळ्यात माळ असलेल्या माणसाने जिभेखाली गोळी ठेवली तर विठ्ठलाला काही आक्षेप असेल, असे मला वाटत नाही. आक्षेप असतो तो शेजाऱ्यांना. आणि कधी कधी, सांगायला वाईट वाटते, आम्हा व्यसनमुक्तीच्या कामातल्या लोकांनाच. 'तो अजून औषधावर आहे, म्हणजे क्लीन नाही' असे एखाद्या बैठकीत कुणी म्हटले, तर त्या मुलाने घरी जाऊन औषध बंद करणे फार दूर नसते.

किती दिवस घ्यायचे, हा प्रश्न येणारच. निदान वर्षभर, बहुतेकांना त्याहून जास्त, काहींना आयुष्यभर. कमी करायचे ते नोकरी, घर आणि झोप स्थिरावल्यावर, अगदी हळूहळू, रुग्णाच्या इच्छेने. लग्न ठरले म्हणून नाही, सणाला घरी यायचे म्हणून नाही, आत्याने विचारले म्हणून तर मुळीच नाही.

शेवटी कामाचे बोलतो. घरात असा कुणी असेल तर कायद्याला भिऊन घरी बसू नका. अमली पदार्थ कायद्याच्या ६४ अ कलमानुसार, सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या प्रकरणात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्य केंद्रात उपचाराला आली आणि तो पूर्ण केला, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. केंद्र निवडताना तीन प्रश्न विचारा: नोंदणी आहे का, डॉक्टर रोज असतो का, आणि ब्युप्रेनॉर्फिन देता का. तिसऱ्या प्रश्नाला 'आम्ही औषधावर विश्वास ठेवत नाही' असे उत्तर आले, तर ट्रॅमाडॉल किंवा गर्दच्या रुग्णासाठी ते ठिकाण नव्हे. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, मनोविकार विभागात, हे औषध रोज आणि खात्रीने मिळावे, यासाठी पत्र लिहायचे असेल तर या सभागृहातले वकील, प्राध्यापक आणि नगरसेवक मिळून एका संध्याकाळी ते लिहू शकतात. मसुदा मी देतो. आणि आज रात्रीच कुणाशी बोलायचे असेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. ती फुकट आहे. नंबर लिहून घ्या.